अतिमानवांच्या चित्रकथा आणि त्यांचे परीक्षक

कोणताही नवा वाङ्मयप्रकार लोकप्रिय होऊ लागला, म्हणजे त्याचा पहिला विचार नीतीच्या अंगाने होतो. कलेच्या अंगाने विचार होण्यास पुष्कळ काळ जावा लागतो. महाराष्ट्रात कादंबरी आणि संगीत नाटक यांच्या वाट्यास हे भोग एके काळी आलेच. कादंबरी हाती घेऊन बसलेला विद्यार्थी दिसला, की वडील मंडळींच्या कपाळास आठी पडे; आणि ज्याला नाटकाचा नाद लागला तो मुलगा फुकट गेला, असे खुशाल समजले जाई. पुढे कादंबरी आणि नाटक ही दोन्ही पाठ्यपुस्तकांत गेली व परीक्षेतील प्रश्नांचा विषय झाली. अमेरिकेत विसाव्या शतकात हाच प्रकार ‘कॉमिक’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या चित्रकथांच्या बाबतीत घडला. १९६४ पासून निघू लागलेल्या ‘इंद्रजाल कॉमिक्स’मधून वेताळाच्या साहसकथा मराठी घरांतही पोचल्या, त्यामुळे हा प्रकार इकडील वाचकांस अगदीच अपरिचित नाही. परंतु या चित्रकथांवर त्यांच्या मायदेशात जी टीका झाली, तिचा इतिहास त्या कथांइतकाच नाट्यपूर्ण आहे. त्यात चांगल्या माणसांच्या हातून झालेल्या चुका आहेत, पुस्तकांच्या होळ्या आहेत, आणि ज्यांच्या हितासाठी म्हणून हे सर्व चालले होते त्या मुलांचे म्हणणे कोणी ऐकावयाचे की नाही, हा प्रश्नही आहे.

या चित्रकथांतील पहिला अतिमानव सुपरमॅन होय. क्लीव्हलंड शहरातील जेरी सीगल आणि जो शुस्टर या दोन तरुणांनी तो निर्माण केला आणि त्याचे सर्व हक्क १३० डॉलरांस विकून टाकले. ज्या अंकात तो प्रथम अवतरला, त्या ‘अ‍ॅक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकावर जून १९३८ हा महिना छापलेला आहे, किंमत १० सेंट. पुढच्याच वर्षी बॉब केन व बिल फिंगर यांचा बॅटमॅन आला. पाहता पाहता अंगाला घट्ट बसणारा रंगीत पोषाख घातलेल्या, कोणी उडणाऱ्या तर कोणी भिंती फोडणाऱ्या वीरांची एक सेनाच वर्तमानपत्रांच्या विक्रेत्यांकडे उभी राहिली. कागद हलका, छपाई भडक, किंमत मुलाच्या खिशाला परवडणारी. आईबापांची परवानगी न घेता मुलाला स्वतःच्या पैशाने विकत घेता येईल असे वाङ्मय एवढ्या विपुलतेने पूर्वी क्वचितच निघाले असेल. वडिलधाऱ्यांच्या अस्वस्थतेचे मूळ काही अंशी येथेच होते.

या अस्वस्थतेला पहिली ठाशीव वाचा फोडली ती स्टर्लिंग नॉर्थ यांनी. ते ‘शिकागो डेली न्यूज’ या पत्राचे वाङ्मयविभागाचे संपादक होते. ८ मे १९४० रोजी त्यांनी या चित्रकथांना राष्ट्रीय लांछन ठरविणारा लेख लिहिला. विक्रीस असलेली १०८ नियतकालिके आपण तपासली व त्यांतील निदान शेकडा ७० तरी आक्षेपार्ह आढळली, असे त्यांनी नमूद केले. त्यांची तक्रार केवळ नीतीची नव्हती. चित्रे ओबडधोबड, भाषा कंगाल, छपाई डोळ्यांस त्रास देणारी, आणि या सर्वांचा परिणाम असा, की मुलांची शांत व सुंदर कथांची भूक मरून जाते, असे त्यांचे म्हणणे होते. उपाय म्हणून त्यांनी कायदा सुचविला नाही; घरोघर आणि ग्रंथालयांतून मुलांना चांगली पुस्तके द्या, एवढेच सांगितले. मत कठोर होते खरे, परंतु वस्तू हातात घेऊन, तपासून दिलेले होते. आणि आक्षेपाबरोबर उपायही सांगितलेला होता.

बचावाची बाजू मांडणारेही लवकरच पुढे आले. न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयातील मानसोपचारतज्ज्ञ लॉरेटा बेंडर यांनी एका सहकाऱ्यासह १९४१ मध्ये निबंध प्रसिद्ध केला. लोककथा पूर्वी जे कार्य करीत, तेच या चित्रकथा आजच्या मुलांसाठी करीत आहेत, असा त्याचा आशय होता. विल्यम मार्स्टन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने तर या कथांची स्तुती केली आणि नंतर स्वतःच लेखणी उचलून १९४१ च्या अखेरीस ‘वंडर वूमन’ ही नायिका निर्माण केली. स्त्रीच्या अंगी बळ असावे आणि ते मुलींनी पाहावे, हा त्याचा हेतू. मात्र एक गोष्ट लपविण्यात अर्थ नाही. मार्स्टन आणि बेंडर ही दोघेही प्रकाशकाच्या सल्लागार मंडळावर होती. ज्याच्या मालाची परीक्षा करावयाची, त्याच्याच पंक्तीला बसलेल्या परीक्षकाच्या शब्दाला पुरते वजन येत नाही. पुढे विरोधकांनी याचा पुरेपूर उपयोग केला.

टीका किती परस्परविरोधी टोकांवरून होत होती, याचे सुपरमॅन हे उत्तम उदाहरण आहे. १९४० च्या एप्रिल महिन्यात जर्मनीतील नाझी संघटनेच्या एका मुखपत्राने त्याच्यावर तोंडसुख घेतले. त्याचा कर्ता सीगल हा ज्यू असल्यामुळे ही व्यक्तिरेखा विषारी आहे, असा त्या पत्राचा आरोप होता. पाचच वर्षांनी, १९४५ मध्ये, वॉल्टर ऑंग या अमेरिकन जेझुइट विद्वानाने नेमका उलट आक्षेप घेतला. कायद्याला बाजूस सारून स्वतःच्या बाहुबलाने न्याय करणारा हा वीर नाझींच्या अतिमानवाचाच भाऊबंद आहे, असे त्यांना दिसले. दरम्यान याच जातीच्या दुसऱ्या एका वीराच्या, म्हणजे ‘कॅप्टन अमेरिका’च्या पहिल्याच अंकाच्या मुखपृष्ठावर तो हिटलरच्या जबड्यावर ठोसा मारताना दाखविला होता. त्या अंकावर मार्च १९४१ हा महिना आहे. अमेरिका तेव्हा युद्धात उतरलीही नव्हती. ऑंग यांचा प्रश्न मात्र पोकळ नव्हता. कायद्यापेक्षा बलवान असा सज्जन समाजाला परवडतो का, हा तो प्रश्न, आणि पुढे चाळीस वर्षांनी तो चित्रकथांनी स्वतःच स्वतःला विचारला.

या साऱ्या वादाचा मध्यबिंदू ठरले ते डॉ. फ्रेडरिक वर्थम. यांचे चरित्र समजून घेतल्याखेरीज पुढील प्रकरणाचे मर्म कळणार नाही. १८९५ मध्ये न्यूरेंबर्ग येथे त्यांचा जन्म झाला आणि १९२२ मध्ये ते अमेरिकेत आले. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात, एका चर्चच्या तळघरात, त्यांनी १९४६ मध्ये लाफार्ग मानसोपचार केंद्र उघडले. गोऱ्यांच्या संस्थांत ज्यांना धड उपचार मिळत नसत, अशा निग्रो वस्तीतील गरिबांना येथे फक्त २५ सेंट घेऊन तपासले जाई. डेलावेअर राज्यातील शाळांत काळ्या व गोऱ्या मुलांना वेगळे बसविले जात असे; या पृथक्करणाने मुलांच्या मनाला इजा होते, अशी साक्ष त्यांनी १९५१ मध्ये न्यायालयात दिली. तो खटला पुढे इतर खटल्यांबरोबर सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि १७ मे १९५४ रोजी पृथक्करण घटनाबाह्य ठरविणारा ऐतिहासिक निर्णय लागला. असा हा मनुष्य. त्याच्याविषयी बोलताना कोणी उथळपणे हसू नये.

याच केंद्रात येणाऱ्या मुलांच्या हाती वर्थम यांना चित्रकथा दिसू लागल्या. मुलांच्या गुन्हेगारीचे एक कारण येथे आहे, अशी त्यांची खात्री झाली. मे १९४८ मध्ये ‘सॅटर्डे रिव्ह्यू ऑफ लिटरेचर’ या प्रतिष्ठित साप्ताहिकात त्यांचा लेख आला आणि देशभर खळबळ माजली. त्याच वर्षाच्या अखेरीस काही गावांत शाळांच्या आवारात चित्रकथांच्या होळ्या पेटल्या. वेस्ट व्हर्जिनियातील स्पेन्सर येथे ऑक्टोबरात, तर न्यूयॉर्क राज्यातील बिंगहॅम्टन येथे डिसेंबरात असे प्रकार झाले. नाझींनी केलेल्या ग्रंथदहनाला तेव्हा पंधरा वर्षेच लोटली होती, आणि ज्या वीराने मुखपृष्ठावर हिटलरला ठोसा मारला होता, त्याच्या जातभाईंची होळी मुलांच्याच हातून करविली जात होती.

या कोलाहलात एक बारीक आवाज उठला, आणि तो या इतिहासात विसरण्याजोगा नाही. वॉशिंग्टन येथील चौदा वर्षांच्या एका मुलाने वर्थम यांच्या लेखाला उत्तर धाडले, आणि ‘सॅटर्डे रिव्ह्यू’ने ते जुलै १९४८ मध्ये छापले. या मुलाच्या संग्रही पाच हजारांहून अधिक चित्रकथा होत्या. कॉमिकांचा जन्म होण्यापूर्वीही घोर गुन्हे घडत होते. लाखो मुले या कथा वाचतात व बहुतेक सारी नीट वागतात. मुलांना जगातील वाईटापासून डोळे बांधून ठेवणे हे त्यांचे रक्षण नव्हे, असा त्याचा युक्तिवाद होता. ज्यांच्याविषयी वाद चालला होता त्यांच्यापैकीच एकाने, वाद चालविणाऱ्यांच्या भाषेत, त्यांच्याच व्यासपीठावरून उत्तर दिले होते. विद्वानांतही शंका घेणारे होते. गुन्हेगार टोळ्यांचा आयुष्यभर अभ्यास केलेले समाजशास्त्रज्ञ फ्रेडरिक थ्रॅशर यांनी १९४९ मध्ये असा आक्षेप घेतला, की वर्थम यांच्या विधानांना पद्धतशीर पुरावा नाही. गुन्हा करणारी मुले चित्रकथा वाचतात एवढे दाखवून भागत नाही, कारण न करणारीही त्याच वाचतात.

तथापि शंकेपेक्षा भीती अधिक वेगाने पसरते. एप्रिल १९५४ मध्ये वर्थम यांचे ‘सिडक्शन ऑफ द इनोसंट’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. त्यांचा मुख्य रोख खून, दरोडे व भयानक प्रसंग रंगविणाऱ्या मालिकांवर होता, आणि त्यांपैकी कित्येक खरोखरच किळसवाण्या होत्या. जंगलकथांतून काळ्या वर्णाच्या माणसांना हीन दाखविले जाते, हे त्यांचे बोलही रास्त होते. परंतु अतिमानव वीरांनाही त्यांनी त्याच पिंजऱ्यात उभे केले. सुपरमॅन हा बळाची पूजा शिकवितो. बॅटमॅन व त्याचा बालसाथी रॉबिन यांच्या एकत्र राहण्यात समलिंगी आकर्षणाचे सूचन आहे. वंडर वूमन ही मुलींसमोर विपरीत आदर्श ठेवते, असे त्यांचे निदान होते. त्याच महिन्यात अमेरिकन सिनेटच्या उपसमितीने न्यूयॉर्क येथे या विषयाची जाहीर चौकशी केली, आणि वर्थम यांची साक्ष तेथे झाली. समितीने बंदीचा कायदा सुचविला नाही. पण प्रकाशकांचे धाबे दणाणले होते. त्यांनी स्वतःच एक संघ स्थापून २६ ऑक्टोबर १९५४ रोजी नियमावली मंजूर केली, आणि प्रत्येक अंक छापण्यापूर्वी तपासून त्यावर संमतीचा शिक्का उमटविण्यासाठी एक कचेरी उघडली.

सत्याचा शेवटी विजय झालाच पाहिजे. पोलीस, न्यायाधीश व सरकारी अधिकारी यांच्याविषयी अनादर उत्पन्न होईल असे काही दाखवू नये. अंकाच्या नावात भयसूचक शब्द घालू नयेत, असे हे नियम होते. शिक्का नसलेला अंक विक्रेते ठेवीनात. अनेक मालिका बंद पडल्या आणि कित्येक चित्रकारांना हा धंदा सोडावा लागला. या यंत्रणेचे अंधत्व एका प्रसंगाने उघडे पडले. १९५६ च्या आरंभी विल्यम गेन्स या प्रकाशकाने एक जुनी कथा पुन्हा छापावयास घेतली. ती अतिमानव वीराची नव्हती. पृथ्वीवरून आलेला निरीक्षक यंत्रमानवांच्या एका ग्रहाला भेट देतो, तेथे रंगावरून चाललेला भेदभाव पाहतो आणि त्या ग्रहाला सुधारलेल्या जगांच्या संघात प्रवेश नाकारतो, अशी ती कथा. शेवटच्या चित्रात तो शिरस्त्राण उतरवितो, तेव्हा तो काळ्या वर्णाचा आहे असे दिसते. तपासनीसांनी नेमक्या त्या रंगावर बोट ठेवले. गेन्स यांनी ऐकले नाही आणि कथा जशीच्या तशी छापली. मुलांना वर्णद्वेषापासून वाचविण्यासाठी झटलेल्या डॉक्टरांच्या चळवळीतून जन्मलेली यंत्रणा, वर्णद्वेषाविरुद्धच्याच कथेच्या आड आली होती. खुद्द वर्थम यांनाही ही नियमावली मान्य नव्हती, हे न्यायासाठी सांगितले पाहिजे. परंतु एकदा भीतीला कचेरी आणि शिक्का मिळाला, म्हणजे ती मूळ पुरुषाला विचारावयास थांबत नाही.

यानंतरची टीका निराळ्या दिशेने आली. ती आली वाचकांच्या पत्रांतून. १९६० च्या सुमारास ज्युलियस श्वार्ट्झ हे संपादक आपल्या मासिकांत वाचकांची पत्रे पूर्ण पत्त्यांसह छापू लागले, आणि उत्तम पत्र लिहिणाऱ्यास बक्षीस म्हणून मूळ चित्रांची पाने पाठवू लागले. पत्त्यामुळे दूरदूरचे वाचक एकमेकांना लिहू लागले. त्यांतूनच जेरी बेल्स या प्राध्यापकाने १९६१ मध्ये ‘आल्टर-ईगो’ हे हौशी नियतकालिक काढले. त्याचा सहकारी रॉय थॉमस हा शाळामास्तर पुढे मार्व्हल या प्रकाशनसंस्थेत गेला आणि १९७२ मध्ये तेथे मुख्य संपादक झाला. त्याच संस्थेत स्टॅन ली, जॅक कर्बी व स्टीव्ह डिट्को यांनी चिंता करणारे, भांडणारे, घरभाड्याची विवंचना असलेले वीर निर्माण केले होते. अशा वीरांविषयी वाचकाला मत असणे साहजिकच होते. नुकत्याच निघालेल्या अंकातील चूक शोधावी आणि ती चूक नव्हेच असे चतुराईने सिद्धही करावे. मग कार्यालयाकडून ‘बक्षीस नाही’ असे छापलेला रिकामा लिफाफा यावा, असा खेळ तेथे चाले. मार्व्हलच्याच ‘फँटॅस्टिक फोर’ मालिकेच्या १९६३ मधील विसाव्या अंकात एका शाळकरी मुलाचे सतराव्या अंकाची स्तुती करणारे पत्र आहे. तो मुलगा म्हणजेच पुढे जगप्रसिद्ध झालेला कादंबरीकार जॉर्ज आर. आर. मार्टिन.

या वाचकांची टीका नेहमी गोड असे असे नव्हे. जून १९७३ च्या ‘स्पायडर-मॅन’ अंकात नायकाची प्रेयसी ग्वेन स्टेसी मरण पावली. पुलावरून पडणाऱ्या तिला नायकाने जाळ्याने पकडले, पण ती हाती आली ती मृतच. चित्रात तिच्या मानेजवळ एक लहानसा आवाजदर्शक शब्द होता. म्हणजे वाचविण्याच्या धक्क्यानेच मान मोडली की काय? संतप्त पत्रांचा वर्षाव झाला आणि त्या मालिकेच्या पुढील एका अंकात संपादकांना तसे झाल्याची कबुली देऊन खुलासा करावा लागला. मुलांची मने बधिर होतात, असा पूर्वीचा आरोप होता. येथे तर कागदावरील एका मुलीच्या मृत्यूबद्दल वाचक जाब विचारीत होते.

नियमावलीलाही तडे गेले. १९७० मध्ये डेनिस ओनील व नील अ‍ॅडम्स यांच्या ‘ग्रीन लँटर्न’मध्ये एक वृद्ध काळा मनुष्य नायकाला विचारतो, की परग्रहांवरील नाना रंगांच्या लोकांसाठी इतके केलेस, मग आमच्या रंगाच्या माणसांसाठी काय केलेस? नायक मान खाली घालतो. १९७१ मध्ये सरकारच्या आरोग्यखात्याने विनंती केल्यावरून स्टॅन ली यांनी ‘स्पायडर-मॅन’च्या तीन अंकांत मादक पदार्थांचे दुष्परिणाम दाखविले, तो विषय नियमांच्या विरुद्ध ठरवून शिक्का नाकारला गेला, तेव्हा अंक शिक्क्यावाचून निघाले. कोणतेही आकाश कोसळले नाही. त्याच वर्षी नियम सैल करण्यात आले. १९८६ मध्ये फ्रँक मिलर यांचा ‘डार्क नाइट रिटर्न्स’ आणि अ‍ॅलन मूर व डेव्ह गिबन्स यांचा ‘वॉचमेन’ प्रसिद्ध होऊ लागला. कायद्याबाहेर राहून न्याय करणारा मनुष्य वस्तुतः कसा असेल, हा ऑंग यांचा जुना प्रश्न या कृतींनी कथेच्या गाभ्याशी नेला. १९९९ मध्ये वाचक असलेल्या गेल सिमोन यांनी नायकाच्या दुःखाची सोय म्हणून मारल्या गेलेल्या किंवा छळल्या गेलेल्या स्त्रीपात्रांची यादीच मांडली. पुढे त्या स्वतः ‘वंडर वूमन’च्या लेखिका झाल्या. २००१ मध्ये मार्व्हलने शिक्का सोडला, आणि २०११ मध्ये उरलेल्या प्रकाशकांनीही तो सोडल्यावर ती कचेरी इतिहासजमा झाली.

या कथेचा शेवटचा अध्याय ग्रंथालयात घडला. वर्थम १९८१ मध्ये वारले. त्यांची कागदपत्रे वॉशिंग्टनच्या ‘लायब्ररी ऑफ काँग्रेस’मध्ये होती, ती २०१० मध्ये अभ्यासकांस खुली झाली. इलिनॉय विद्यापीठातील कॅरोल टिली यांनी मूळ टिपणे पुस्तकाशी ताडून पाहिली आणि २०१२ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. मुलांच्या जबान्या वर्थम यांनी अनेक ठिकाणी बदलल्या होत्या. दोघा तरुणांची कथने जोडून त्यांनी एकाचेच निवेदन केले होते. अडचणीचे ठरतील असे तपशील, उदाहरणार्थ एका मुलीचा टोळीशी असलेला संबंध, गाळले होते. ज्या मुलांच्या वतीने हा डॉक्टर बोलत होता, त्यांचेच शब्द त्याने स्वतःच्या मताला जुळतील असे वळविले होते. हेतू निर्मळ होता यात संशय नाही. परंतु हेतूच्या निर्मळपणाने पुराव्याची लबाडी धुऊन निघत नाही.

आणि तरीही याच माणसाने १९७३ मध्ये एक पुस्तक लिहिले, ‘द वर्ल्ड ऑफ फॅन्झिन्स’. चित्रकथांचे हौशी वाचक स्वतःच्या खर्चाने, स्वतःच्या हाताने जी छोटी नियतकालिके काढीत, त्यांचा तो अभ्यास होता. वर्थम यांनी ती बारकाईने वाचली, आणि मनमोकळ्या संवादाचे एक निर्मळ साधन म्हणून त्यांची प्रशंसा केली. पंचवीस वर्षांपूर्वी वॉशिंग्टनच्या एका मुलाने जे सांगण्याचा प्रयत्न केला होता, की वाचणारे मूल विचारही करते, ते या वृद्ध डॉक्टरांना अखेर त्यांच्याच वाचकांच्या कागदांत सापडले. टीकाकाराने कठोर असू नये असे या इतिहासातून निघत नाही. नॉर्थ, ऑंग, ग्वेनसाठी पत्रे लिहिणारे वाचक, सारेच कठोर होते, आणि त्यांच्या कठोरपणाने या कलेचे भलेच झाले. टीकाकाराकडून अपेक्षा दोनच: पुस्तक प्रामाणिकपणे वाचावे, आणि ते ज्यांच्यासाठी लिहिले आहे त्यांचे म्हणणे न बदलता ऐकून घ्यावे. घरात मुलाच्या हातातून एखादे पुस्तक काढून घेण्यापूर्वी वडील मंडळींनी एवढे केले, तरी पुष्कळ आहे.